सुमनच्या ठेवी

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी इडलीचं पीठ वाटलं. ग्राइंडरमध्ये मी पाणी सोडायचं आणि तिनं ओरडायचं, "पुरे हो! माणूस आहात की नळ?" हे ठरलेलं. सोमवारी सकाळी ती गेली. बसल्या जागी.

माझी बायको सुमन बँकेत ठेवींच्या टेबलावर होती. मी चौथी पास, कारखान्यात फिटर. दोन हजार तीन साली ती रिटायर झाली, पण बँक काही तिच्या अंगातून गेली नाही. चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या आमच्या जुनाट बिल्डिंगीत फ्रीज आमच्याकडेच. शेजारणी पिठाचे डबे आणून ठेवायच्या, आणि ही बया प्रत्येकीला पावती द्यायची! सहीसकट.

"मागता क्षणी परत. हसताय काय? लोकांची ठेव आहे."

आमचा डबा वरच्या कप्प्यात. ते भांडवल. मी हात लावला की म्हणायची, "ठेवींनी बँक मोठी दिसते हो. बुडालं की भरायचं मात्र भांडवलातून."

एकदा दिवसभर करंट गेला आणि खालच्या मजल्यावरच्या कामाक्षी मामीचं पीठ नासलं. आमचं ताजं वाटलेलं, तेवढं वाचलं. हिनं आमचा डबा उचलून तिला दिला. मी तीन दिवस उपमा गिळला.

"मग दोन डबे ठेव ना भांडवल!"

"जास्त ठेवलं तर नुसतं आंबतं. त्यावर कमाई काय?"

कसली डोंबलाची कमाई, असं मला वाटायचं. डबा न्यायला आलेली बाई घटकाभर बसायची, बोलायची, तेवढीच. आम्हाला मूलबाळ नाही. हीच तिची कमाई, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं.

सोमवारी संध्याकाळी तिला जाळून आलो. सुतकाच्या घरातलं पीठ कोण नेणार? मागायलाही कुणी आलं नाही. सगळ्या ठेवी बुडीत.

मंगळवारी सकाळी शेजारणींचे तिन्ही डबे मोरीत ओतले, घासले. कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार पीठ भरून घेतलं आणि घरात न शिरता परस्पर दारोदार नेऊन दिलं.

मामी दारातच रडायला लागली. "अय्यो मामा, आम्ही मागितलं होतं का?"

"नाही. पावती आणा."

तिनं आणून दिली. सुमनची सही होती. खिशात घातली.

घरी येऊन फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात आमचा रविवारचा डबा तेवढा उरला होता. पीठ फुगून झाकण वर आलेलं. मी ते दाबून बसवलं आणि फ्रीज लावून टाकला.