प्रार्थनेत शेळीने पाव खाल्ला त्याची हकीकत

ज्याचे दारी लहानथोर एका सतरंजीवर बसतात, त्या धन्याचे स्मरण करोन लिहिले ऐसे जे, शके अठराशे अठ्ठ्याण्णव, नल नाम संवत्सरी, कार्तिक मासी, पहिल्या पिकाचे सणाचे रविवारी एका लहान राज्यात मोठा प्रसंग गुदरला. राज्य म्हणजे दगडी मंदिर एक, घंटा एक, घराणी चाळीस. गादीवर पाळकसाहेब देवदान विराजमान. लांब प्रार्थना करण्यात त्यांचा हात धरणारा मुलखात कोणी नाही. कारभारी अमोस पंच उजागरे, मोठे करडे. त्यांचे फर्मान की प्रार्थना चालता जो डोळे उघडील, त्याने पुढील रविवारी सर्वांसमक्ष उभे राहावे. आणि प्रभुभोजनाचा पाव भाजण्याचा मान बावीस वर्षे रोदाबाई भिंगारदिवे यांजकडे. बाई विधवा, मूलबाळ नाही, तो पाव हेच त्यांचे वतन. त्या वतनावर त्यांची धाकटी नणंद दीनाबाई हिची नजर. मागले महिन्यात पाव खालून करपला, तेव्हा पंचांनी निकाल दिला की आणखी एक चूक होताच मान दीनाबाईकडे जावा. त्या दिवसापासोन रोदाबाईंची झोप उडाली आणि सणाचे पहाटे त्यांनी ऐसा पाव भाजिला की वासाने शेजारची तीन घरे उठोन बसली.

मग रिवाजाप्रमाणे रयतेने पहिले पीक वेदीपुढे आणोन वाहिले. ज्वारीची कणसे आली, वांगी आली, भोपळे तर तोफांसारखे रांगेत लागले, आणि शडराक पाटोळे यांनी पहिल्या वेताची शेळी आणोन वेदीचे कठड्यास बांधिली. शेजारी मेजावर ताटात पाव, वरी रोदाबाईंचे हातचा विणलेला रुमाल. मग पाळकसाहेब वदले, "आपण प्रार्थना करू," आणि चाळीस घराण्यांनी डोळे मिटले. साहेबांनी पावसाचे आभार मानिले, विहिरींचे मानिले, बैलांचे मानिले, आणि बैलांपर्यंत येता शेळीने गाठ सोडविली. पुढ्यात ज्वारीचे ढीग असता तिने तिकडे ढुंकून पाहिले नाही. रुमाल दातांनी अलगद बाजूस सारिला, ऐसी अदब की जशी पंगतीस बसली, आणि पाव खावयास लागली. कोणी हूं की चूं केले नाही. मग "आमेन" जाहले, डोळे उघडले, आणि शेळी कठड्यापाशी डोळे मिटोन रवंथ करीत उभी, परम भाविक.

साहेबांनी ताट उचलिले तो रिकामे. अमोस पंच गरजले, "रोदाबाई, पाव कुठंय?"

रोदाबाई उठल्या, पदर तोंडाशी. "ठेवला होता हो पंच, याच हातांनी ठेवला."

"मग काय उडून गेला? पाव आणायचंच विसरलात, कबूल करा. निकाल तुम्हांला ठाऊक आहे."

बावीस वर्षांचे वतन त्या रिकाम्या ताटात बुडाले. दीनाबाईने फक्त गप्प बसावे आणि मान घरी न्यावा, इतके सोपे जाहले होते. मग दीनाबाईने एक वेळ भावजयीकडे पाहिले आणि ताडकन उभी राहिली.

"शेळीनं खाल्ला! मी पाहिलं. शेवटल्या तुकड्यापर्यंत पाहिलं."

"वन्सं," रोदाबाई म्हणाल्या, "मग हाकललीत का नाही?"

"वहिनी, खोटं का बोलू? आधी वाटलं, बरी जिरली. मग वाटलं, हाकलावी, तर पंच म्हणतील डोळे उघडले. घ्या, करा मला उभी. उभीच आहे."

भोपळेही कान देऊन ऐकू लागले. मग मागून शडराक पाटोळे बोलले, "पाहिलं तर मीबी. शेळी माझी, जीव राहवंना." मग पेटी वाजविणाऱ्या एस्तेरबाई उठल्या, मग गायनवाले ओळीने उठले, आणि बाकामागून बाक उभा राहिला, जशी फौज शरण यावी. शेवटी अमोस पंच लालेलाल होऊन म्हणाले, "लोकांचे डोळे मिटलेत का, हे पाहायला कुणीतरी उघडे ठेवायला नकोत? पण शेळी मीही पाहिली; आपले उघडे डोळे लपवायला मी रोदाबाईंवर ओरडायला नको होतं."

"आणि मी?" पाळकसाहेब म्हणाले. "मी तर दोन हातांवर होतो. प्रार्थना मध्येच तोडायची कशी? म्हणून कलेक्टरसाहेबांना यंदा गाळलं, आजाऱ्यांना एका वाक्यात उरकलं, धापा टाकीत आमेन गाठलं. तरी शेळीच पुढं."

तेव्हा राज्य हसले. इतके हसले की घंटेचा दोर धरोन बसलेले म्हातारे हसता हसता दोर ओढते जाहले आणि घंटा वाजली. सगळ्या मंदिरात डोळे मिटलेल्या एकट्या रोदाबाई, हे ध्यानी येताच पंचांनी त्यांस हात जोडिले. मग भावजय आणि नणंद पाकघरी धावल्या, पंगतीकरिता चूल पेटलेलीच होती, एकीने नव्या ज्वारीचे पीठ मळले, दुसरीने जाळ केला, आणि तोवर गायनवाल्यांनी ज्या गीताची चार कडवी म्हणतात त्याची सातही म्हटली. ऊन भाकरी वेदीवर आली आणि साहेबांनी आशीर्वाद देऊन ती मोडिली, बोटे पोळली तरी हात मागे घेतला नाही.

एवंच, राज्य शाबूत राहिले. पावाचे वतन रोदाबाईंकडे तहहयात कायम जाहले, आणि दीनाबाईस पंचमंडळाने नवी सनद दिली की प्रार्थनेचे वेळी शेळ्यामेंढ्यांवर लक्ष ठेवण्याकरिता तिने एकटीने डोळे उघडे ठेवावे. तेव्हापासोन ती पुढल्या बाकावर उलटी, लोकांकडे तोंड करोन बसते, आणि त्या राज्यात आज पावेतो कोणाची पापणी हलली नाही. लेखनसीमा.