पुलाखालची गेली!

नदी माझ्याशी खोटं बोलूच शकत नाही! पाणी तपासायच्या मीटरची दांडी बुडवली की तिच्या पोटातलं सगळं मला कळतं. माणसांचं तसं नाही. बायको गेल्यापासून आमच्या जिन्यात "पाणी आलं का?" याच्यापुढे माझ्याशी कोणी बोललेलं नाही. तेही नळाच्या पाण्याबद्दल!

त्या दिवशी जुन्या पुलाखाली मीटरने ऑक्सिजन जवळजवळ शून्य दाखवला. काठाला मासे उताणे पडलेले. नमुने प्रयोगशाळेत दिले, घरी आलो आणि ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. घरात रेंज नसते, म्हणून जिन्यात उभा राहून ओरडलो, "साहेब, पुलाखालची गेली! ऑक्सिजनच संपला हो!"

फोन ठेवून आत येतो तोवर समोरच्या काकू माझ्या मागोमाग घरात!

"भाऊजी, फार त्रास झाला का हो तिला?"

"वर्षानुवर्षं विष पोटात घेत होती बिचारी!"

"विष?" काकू किंचाळल्या आणि बाणासारख्या बाहेर सुटल्या.

थोड्याच वेळात खालचे मास्तर बाहेरून आलेले तसेच छत्रीसकट वर आले, वरचा शिंपी बायकोला घेऊन आला, पाठोपाठ चहाची किटली आली.

"पोलिसांत कळवलंत?" शिंप्याने विचारलं.

"काय उपयोग? कारखानेवाले सगळे!"

"सासर बडं दिसतंय," मास्तर हळूच काकूंना म्हणाले.

खरं सांगतो, घोटाळा माझ्या तेव्हाच लक्षात आला. पण घरातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या! मास्तर माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. अशा वेळी तोंड उघडवतं का? उलट मला रडूच फुटलं. आधी माशांसाठी, मग बायकोसाठी.

"पोचवायला कधी निघायचं?" शिंप्याने हळूच विचारलं.

"पोचवायचं कुठे? वाहतेय की अजून!" मी बोलून गेलो.

शिंप्याने हातातला कप खाली ठेवला.

"कोण वाहतंय?" काकूंनी विचारलं.

"नदी."

"हात्तिच्या! नदीच ना!" मास्तरांनी पाठीवरचा हात काढून घेतला. "आम्हाला वाटलं, कोणी माणूस गेलं!"

हसत हसत सगळे उठले. मागे उरलो मी आणि उष्टे कप.

आणि हो, मास्तरांची विसरलेली छत्री! ती मी मुद्दाम परत केली नाही. न्यायला येतील म्हणून चांगली बिस्किटंसुद्धा आणून ठेवली.

काल मास्तर जिन्यात भेटले. हातात नवी कोरी छत्री!