बुडाची तोटी

गिरणीतली एकही तोटी आजवर माझ्यापुढे टिकलेली नाही! वाफेची असो, तेलाची असो, गंजून दगड झालेली असो. रॉकेल पाजायचं, हातोडीच्या दोन टपल्या द्यायच्या, पान्याला लोंबकळायचं, की आलीच वठणीवर! त्यामुळे हस्ताचा पाऊस झोडपून गेल्यावर माझा मेहुणा सिदू धापा टाकत सोलापुरात माझ्या खोलीवर आला, तेव्हा मी हत्यारांची पिशवी उचलूनच विचारलं, "कुठली तोटी?"

"तोटी न्हाय दाजी, मेंढरं! हिप्परग्याच्या तळ्यात टेकाडावर अडकल्याती. चारी अंगानं पानी चढतंय. मोठी पवत येतील, पर कोकरांचं काय?"

सिदूचं सगळं घर त्या कळपावर चालायचं. मी पिशवी घेऊनच निघालो.

तळ्याचा राखणदार रावजी याने तळ्यावर येणाऱ्या साहेबाची नाव दाखवली. वर्षभर बांधावरच्या छपराखाली सुकून तिच्या फळ्यांना फटी पडल्या होत्या.

"गाडीच्या चाकागत हिला दोन दिस पान्यात ठिवा. लाकूड फुगतंय, फटी बुजत्यात," रावजी म्हणाला.

"दोन दिस?" सिदूने टेकाडाकडे पाहिलं. ते भाकरीएवढं उरलं होतं. आम्ही नाव लोटली.

"आन बुडाची तोटी गंजल्याली हाय! काठावर वडल्यावर पानी सोडायची हाय ती. तिच्या वाटंला जाऊ नगा!" रावजी मागून ओरडला.

गंजलेल्या तोटीच्या वाटेला जाऊ नका, असं मला सांगायचं नसतं!

अर्ध्या वाटेत नावेत घोटाभर पाणी झालं. सिदू डब्याने उपसत होता, पण उपसावं तेवढं पुन्हा येत होतं. टेकाडावरून कोकरांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"सिदू, बॉयलरमधलं पाणी कोणी डब्याने उपसतं का?"

"मला काय म्हाईत? दाजी, वल्हं मारा की!"

"अरे, बुडाची तोटी उघडतात! पाणी खालून जातं!"

मी वल्हं ठेवलं आणि पाना काढला. रॉकेल पाजलं, टपल्या दिल्या. ढिम्म! मग पाय रोवून असा लोंबकळलो की नावच कलली. कर्रर्र! फिरली! अहो, काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्यात बुडातून मनगटाएवढी धार उसळली.

"दाजी, पानी आत येतंय!"

"आधी हवा निघते, मग पाणी जातं!"

"दाजी, बंद करा!"

बंद करायला गेलो, तर दांडा मोडून हातात आला. सिदूने पटका काढून भोकात कोंबला, तो पटकाही वर आला. पुढचे चार शब्द बोलायच्या आत नाव बुडाली.

मी वल्ह्याला मिठी मारून काठाला लागलो. सिदू मात्र टेकाडाकडे पोहत गेला. त्याने एडक्याला शिंगाला धरून पाण्यात ओढलं, तशी मोठी मेंढरं त्याच्यामागे उतरली आणि काठाला आली. त्याला खांद्यावर एकच कोकरू आणता आलं. पुन्हा जायला निघाला, तर रावजीने त्याला कमरेला धरून ठेवलं. दिवस मावळायच्या आत टेकाड दिसेनासं झालं. ओरडणंही थांबलं. माझी बायको तानाबाई, म्हणजे सिदूची बहीण, पुढे पंधरा दिवस माझ्याशी फक्त "जेवा" एवढंच बोलली.

उन्हाळ्यात तळं आटलं. सिदूबरोबर मीही गेलो. नाव चिखलात बसली होती आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. सगळं तोटीतून निघून गेलं होतं! माझ्यातला फिटर गप्प बसेना.

"बघ सिदू! तोटी उघडल्यावर पाणी गेलं की नाही?"

"व्हय दाजी, गेलं की," सिदू म्हणाला आणि टेकाडावर जाऊन कोकरांची हाडं पाटीत वेचू लागला.

मी पाटी धरली.