गोजराबाईच्या तांबड्या रंगाचा परवाना

श्रीगणरायास नमन, शारदेस दंडवत, आणि जिच्या टाळमृदंगात थकला जीव विसावतो त्या हरिकथेस साष्टांग घालून लिहितो ऐसाजे. शके सतराशे तेवीस, दुर्मतिनाम संवत्सरी, एके राज्यी, नाव लिहीत नाही, कारण राज्ये पुष्कळ आणि वर्तमान एकच, गोजराबाई रंगारीण राहात होती. बाईचे हातचा तांबडा रंग ऐसा की बारा धुण्यांनी उतरू नये, सबब सरकारी निशाणांचे कापड तिजकडेच यावे. पुढे दादला वारला, आणि परवाना त्याचे नावे होता तोही त्याजबरोबर सरला, आणि हुकूम आला की, अक्षय्यतृतीयेपावेतो नवा परवाना न दाखविल्यास रंगाच्या काहिली पालथ्या घालाव्या. मग बाई परवानेनवीस त्रिमळपंत यांचे कचेरीस गेली. पंत बहुत सभ्य, बाईस सावलीत बसविले आणि पुसिले, "बरोबर पुरुषमाणूस कोण?" बाई बोलली, "देव हाय." पंत म्हणाले, "मग त्याचा अंगठा आणावा." कचेरी हासली, आणि बाईही हासली, करते काय, आणि माघारी आली. ऐसे सात वेळ जाहले. मग एकादशीस देवळी कीर्तन उभे राहिले, आणि देव दासीचे जात्यास बसून दळू लागले हे आख्यान बुवांनी ऐसे लाविले की पंत स्फुंदून रडले, उपरणे भिजले. आम्ही शेजारीच होतो, आम्हीही रडलो, आणि वाटले, आता पाझर फुटला. दुसरे दिवशी बाई आठव्याने गेली, तो पंत म्हणाले, "काल बुवांनी काय बहार केली! बरे, पुरुषमाणूस आणिले का?"

मग बाईने धाकटा दीर हैबती यास विनविले. हैबती गुरे राखणार, मनाचा भोळा, म्हणाला, "वैनी, मला तांबडं अन् भगवं एकच दिसतं." बाई बोलली, "बघायचं माझ्याकडं, भावजी. तुमी नुसता अंगठा घेऊन चला." कचेरीत पंतांनी हैबतीस गादीवर बसविले, विडा दिला, आणि पुसिले, "शेरभर कापडास तुरटी किती घालता?" हैबती मागे पाहू लागला. बाई बोलली, "अदपाव." पंत म्हणाले, "वाहवा! हैबतराव जाणते आहेत." आणि मोर्तब जाहले. बाईस अक्षर येत नव्हते, सबब परवाना आम्हांपाशी आणिला. वाचला तो ऐसा: "कारखाना हैबती रंगारी याचा. काहिली तीन, रांजण सात, बाईमाणूस एक." बाई म्हणाली, "मी रांजणाच्या आधी का मागनं?" आम्ही म्हणालो, "मागून." बाईने परवान्याची घडी केली, पदर खोचला, "पाण्याला आधण आलं आसंल," म्हणाली, आणि चुलाणाकडे गेली.

तात्पर्य, काहिली वाचल्या, निशाणे वेळेवर चढली, आणि लोकांनी तो तांबडा रंग पाहून हैबतरावांची वाखाणणी केली. हरीस सर्व ठाऊक आहे, ऐसे आम्ही बाईस म्हणालो, आणि आमचाच स्वर आम्हांस थकला वाटला. येथे दऊत झाकली.