पुरणयंत्राची रीतसर नोंद

चिंतामणी परबांना एकतीस मार्चच्या आत चाळीस तास शिकायचं होतं. वय छप्पन्न, लालबागमधल्या एका छोट्या संग्रहालयात अकरा वर्षं दालन-सहायक, आणि तेही कंत्राटी. ‘वस्तूंना हात लावू नये’ या पाटीशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि हात लावणाऱ्यावर खेकसायचं, हे त्यांचं काम. यंदा वरून फर्मान आलं की जो ‘सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास’ हा कोर्स पुरा करील, तोच कायम होईल. कोर्सचं नाव उच्चारतानाच माणसाला धाप लागावी! पण निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसाला ‘कायम’ हा शब्द कसा ऐकू येतो, हे कायम असलेल्यांना नाही कळायचं.

परब जिद्दीने शिकले. काळाचौकीच्या चाळीत, खोलीच्या कोपऱ्यात मोबाइल डब्याला टेकवून, वहीत टिपणं काढत छत्तीस तास पुरे केले. राहिले शेवटचे चार, प्रात्यक्षिकाचे. घरातली एक जुनी वस्तू घ्यायची, तिचा स्थिती-अहवाल लिहायचा, तिला क्रमांक द्यायचा आणि फोटो पाठवायचे.

फळीवर पितळी पुरणयंत्र होतं. परबांना वाटलं, आजीचं असणार. बायकोला, मृणालिनीला, विचारायला हवं होतं. पण ती फोनवर बहिणीशी बोलत होती आणि तो फोन संपायची वाट बघितली असती तर मार्च उलटला असता. त्यांनी यंत्र पिशवीत घातलं आणि बायकोची बिनरंगाची नेलपॉलिशही घेतली. आधी पॉलिशचा हात, त्यावर बारीक ब्रशने क्रमांक, त्यावर पुन्हा पॉलिश, म्हणजे जन्मात पुसायला नको.

संग्रहालयाच्या अधिकारी प्राची मॅडम, शिवाजी पार्कच्या. वयाने परबांच्या मुलीएवढ्या, पण भल्या बाई. त्यांनी सरावासाठी कोरे कागद दिले होते. परबांना ते कागद पटेनात. कागदात तर भेळवालाही भेळ बांधून देतो! त्यांनी सरळ कपाटातली मोठी संग्रह-नोंदवही काढली. या वहीत खाडाखोड चालत नाही, पान फाडता येत नाही, एकदा वस्तू चढली की ती संग्रहालयाची, हे कोर्समध्ये तिसऱ्याच तासाला शिकवलं होतं. परबांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं. म्हणूनच त्यांनी एकही खाडाखोड न करता वळणदार अक्षरात नोंद केली, आणि ‘मूळ मालक’ या रकान्यात ‘कै. आजी, मु. पो. कुडाळ’ असं लिहिलं.

प्राची मॅडम मीटिंगला पळत होत्या. समोर आलेल्या चौदा कागदांवर त्यांनी सह्या केल्या, त्यात वहीही आली. वर ‘या महिन्याची वस्तू’ ठेवायची काचपेटी आठवडाभर रिकामी होती, म्हणून यंत्र तिच्यात गेलं. कोर्सवाल्यांचं उत्तर आलं की प्रात्यक्षिक उत्कृष्ट, महिनाअखेर वहीची तपासणी होऊन सर्टिफिकेट मिळेल. परब त्या दिवशी चाळीत पेढे वाटून आले.

होळीच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या कमळाबाई दारात उभ्या राहिल्या. वय बहात्तर, चाळीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष.

“मृणाल, माजा पुरणयंत्र दी गो. फाल्या होळी. गणपतीत न्हेलंस, ता अजून परत नाय.”

“अगंबाई, हो काकी, देते हं,” म्हणत मृणालिनी फळीकडे वळली आणि थबकली. “अहो, इथलं पुरणयंत्र कुठे गेलं?”

परबांनी चहाचा कप खाली ठेवला. “ते... ते आपलं नाही?”

“काकींचं आहे! कुठे ठेवलंत?”

“काचेत.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला दोघी संग्रहालयात हजर. कमळाबाईंनी पदर खोचून काचपेटीवरचं कार्ड मोठ्याने वाचलं.

“‘कै. आजी, कुडाळ.’ मेल्या, ह्या माज्या आवशीचा! तुजी आजी खयसून इली मधीच? आणि ह्या काय? ‘तळाशी जुन्या डाळीचे अवशेष’? माज्या भांड्याक?”

“काकी, स्थिती-अहवालात खरं ते लिहावं लागतं.”

“तुजी स्थिती बघतंय मी आता!”

प्राची मॅडम धावत आल्या. सगळं ऐकून त्यांनी वही उघडली, आपली सही बघितली आणि खुर्चीत बसल्या. “परबकाका, मी तुम्हाला कागद दिले होते ना हो?”

“मॅडम, कागद कच्चे वाटले.”

“आणि आता हे इतकं पक्कं झालंय की माझाही हात पोचत नाही. नोंद रद्द करायला पाच जणांची समिती लागते. ती बसणार जुलैत.”

परबांनी काचेतल्या यंत्राकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अक्षरातली एक नोंद त्या वहीत चढली होती. त्यांना फार वाईट वाटलं. तरी ते म्हणाले, “मॅडम, वर लिहा की परबाने चुकीची नोंद केली. सर्टिफिकेट गेलं तर गेलं. काकींच्या आईची वस्तू आहे, आज त्यांना मिळायला हवी.”

कमळाबाईंचा आवाज एकदम खाली आला. “गप रे. अकरा वर्सां थांबलंस ता एका यंत्रापायी घालवूक? बाय, दुसरो काय मार्ग नाय?”

मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं. “एक आहे. वस्तू उसनी देता येते. पण फक्त नोंदणीकृत संस्थेला, शिक्क्यासकट.”

कमळाबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि महिला मंडळाचा शिक्का टेबलावर आपटला. स्वतःचंच यंत्र उसनं घ्यायचा अर्ज भरताना त्या जे पुटपुटत होत्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“आता अट सातवी,” मॅडम वाचू लागल्या. “‘उसन्या दिलेल्या वस्तूसोबत संग्रहालयाचा माणूस राहील. वस्तूची हाताळणी केवळ प्रशिक्षित कर्मचारी, हातमोजे घालून करील.’”

“प्रशिक्षित कोण?” मृणालिनीने विचारलं, आणि तिघीही परबांकडे बघू लागल्या.

दुपारी चाळीच्या गॅलरीत परब पांढरे हातमोजे घालून पुरण वाटत बसले. पहिल्यांदा कमळाबाईंचं झालं. मग वरच्या मजल्यावरून एक पातेलं आलं, “एवढं आमचंही.” नाही कसं म्हणणार? उसनवारी संस्थेची होती आणि चाळीतली प्रत्येक बाई संस्थेची सभासद. चार वाजेस्तोवर बावीस घरांचं पुरण झालं, मोज्यांच्या पाच जोड्या चिकट झाल्या आणि परबांचा खांदा कामातून गेला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण नवऱ्याने पुरण वाटलेलं मृणालिनीने कधी बघितलं नव्हतं. तिने आतून खुर्ची आणली आणि समोर ठेवून तिच्यावर स्वतः बसली.

महिनाअखेर तपासणी झाली. वहीत नोंद, शेऱ्याच्या रकान्यात खऱ्या मालकिणीचं नाव, जोडीला उसनवारीचे आणि परतीचे कागद आणि आधीचा-नंतरचा स्थिती-अहवाल, सगळं बिनचूक. सर्टिफिकेट मिळालं, परब कायम झाले. ऑर्डर हातात घेऊन ते मॅडमसमोर चक्क रडले.

जुलैत समिती बसली आणि पाचही जणांनी मान्य केलं की यंत्र कमळाबाईंना परत द्यावं. परबांनी स्वतः ते मऊ कागदात गुंडाळलं, कमळाबाईंना टॅक्सीने आणलं आणि सहीची जागा दाखवली.

कमळाबाईंनी कागद बाजूला सारला. “बाय, दान करूचो फॉर्म खय आसा?”

“काकी!” परब ओरडलेच. “अहो, तुमच्या आईची वस्तू! घरी न्या ना!”

“घराक न्हेलंय तर पुरण माका वाटूचा लागतला,” कमळाबाई सही करता करता म्हणाल्या. “हयसरच बरा आसा. आणि ह्या बघ, गौरी येतत पुढच्या म्हयन्यात. मोजे धुवन ठेव.”