चिकटण्याचं शास्त्र

सुगंधाचं पोस्टकार्ड दत्ताराम गुरुजींच्या हातात पडलं, तोवर ते गावात पाच जणांचं वाचून झालं होतं. पोस्टमन सत्यवानाला त्यात काहीच गैर वाटत नसे. "बंद पाकीट मी कधी फोडूक नाय, गुरुजी. पण कार्ड उघडाच येता. उघड्याक काय झाकूचा?" असं त्याचं सरळ म्हणणं.

कार्ड म्हणजे गुरुजींच्याच पत्राला आलेलं उत्तर होतं. त्यांची धाकटी बहीण मथुरा शेजारच्या घरात एकटी राहायची. दोन महिन्यांपूर्वी मुंबईला तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली होती. गाठ अख्खी काढली, तर मग दर तीन महिन्यांनी तपासायला कशाला बोलावतात, हे गुरुजींनी मुलीला विचारलं होतं. सुगंधा मुंबईत एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरच संशोधन करत होती. १९८७ साल होतं, विषय नवा होता, आणि बाई घाईत होत्या. तिनं लिहिलं:

"ति. बाबा, गाठ काढली तरी एखादी पेशी सुटून रक्तातून जाते आणि दुसरीकडे चिकटते. कॅन्सर पसरतो तो असा चिकटून. कसा चिकटतो, तेच आम्ही शोधतोय. माझ्या पेशी कालपर्यंत घट्ट चिकटत होत्या, आज औषध घातल्यावर भराभर सुटल्या. सर खूश आहेत. आत्याला जपा."

गुरुजींनी कार्ड वाचलं, चष्मा पुसला आणि मुलीचा अभिमान वाटून पुन्हा वाचलं. तेवढ्यात वाडीतले वडीलधारे दाजी आले. रोज सरळ ओटीवर येऊन बसणारे दाजी आज फाटकाबाहेरच उभे राहिले.

"गुरुजी, कॅन्सर चिकटता मां?"

"कोणी सांगितल्यान?"

"तुमच्याच चेडवान. कार्डार लिवल्यान हा. आतयेपासून जपा म्हणान."

"आत्याला जपा, असा लिवल्यान हा! आत्यापासून नाय!"

"दोनाचा मतलब एकच. आणि मगे 'माझ्या पेशी चिकटल्या' कित्याक लिवल्यान? मथुरा तिच्याकडे पंधरा दिवस रवली. लागलो तिकापण!" दाजींचा आवाज खरोखरच कातर झाला. "इतक्या शिकला चेडू, पण रोगान काय सोडल्यान नाय."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. माझ्या पेशी म्हणजे तिच्या अंगातल्या नव्हेत, बशीत वाढवलेल्या, हे ते सांगू लागले. पण बशीत कॅन्सर वाढवतात, हे ऐकून दाजी आणखी चार पावलं मागे सरले.

दुसऱ्या दिवशी वाडीचा निर्णय आला. मथुरेनं सामाईक विहिरीच्या दोराला हात लावायचा नाही. वाडी काही निर्दय नव्हती. आळीपाळीनं दोन कळशा पाणी तिच्या फाटकाशी ठेवायचं, असंही ठरलं होतं. पण गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्या बहिणीला विहीर बंद! तीही ज्यांना आपण स्वतः शास्त्र शिकवलं, त्यांनी!

रागावले की गुरुजी मालवणी सोडून पुस्तकी मराठी बोलत. विहिरीवर जाऊन त्यांनी तास घेतला. "लक्ष द्या! पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक नावाचे रेणू असतात. त्या ग्राहकांमुळे पेशी एखाद्या जागेला धरून बसते. समजलं?"

"समाजला," सत्यवान म्हणाला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला समजलं होतं, की कॅन्सर गिऱ्हाईक शोधत फिरतो. गुरुजींनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आता लोक गुरुजींचीही वाट चुकवू लागले.

मथुरेला त्यांनी धीर दिला, "तू काळजी करू नको. मी बगतंय काय करूचा ता." तिनं तोंड उघडलं. बोलण्यासारखं तिला बरंच काही असावं, पण गुरुजी तोवर तारऑफिसकडे निघाले होते. तार मोजक्या शब्दांत करायची, म्हणून त्यांनी मजकूर आटवला: "आत्या. विहीर. ताबडतोब ये."

तारेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा एस.टी.तून उतरली ती डोळे सुजवूनच. रात्रभर रडत आली होती. फाटकात शिरली, तर आत्या समोर बसून कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"आत्ये! तू... विहिरीत..."

"विहिरीत? माका विहिरीकडे जावकच देणत नाय, तर पडतलंय खंयसून?"

सुगंधानं पिशवी पायरीवर टाकली. सगळा प्रकार ऐकल्यावर आधी ती वडिलांवर चिडली, मग वडील तिच्यावर. "कार्ड कशाला लिहिलंस?" "तुम्ही 'ग्राहक' कशाला म्हणालात?" असं अर्धा तास चाललं. शेवटी दोघं मिळून वाडीवर चिडले आणि विहिरीकडे निघाले.

विहिरीवर दाजी, सत्यवान, खाडीतल्या खडकांवरची कालवं, म्हणजे शिंपले, काढणारी काशीबाई आणि कळशा घेतलेल्या आठ-दहा बाया होत्या. सुगंधाला बघून सगळ्यांनी जागा करून दिली. जरा जास्तच.

"माका काय झालेला नाय," सुगंधा म्हणाली. "नीट ऐका. पेशीच्या अंगावर बारीक हात आसत, असा समजा..."

"हात!" दाजी दचकले. "हातपण आसत?"

"हातासारखे! त्या हातांक धरूक ठराविक जागाच लागता. गाठीतली पेशी सुटली, तर रक्तातसून जाता आणि तशी जागा गावली तरच धरून बसता. पण त्याच माणसाच्या अंगात! दुसऱ्याच्या अंगात गेली, तर ता अंग तिका परकी म्हणान मारून टाकता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना हे डोलणं ओळखीचं होतं. चाळीस वर्षं वर्गात हेच बघितलं होतं.

तेवढ्यात काशीबाईनं कळशी खाली ठेवली. "म्हणजे कालवासारख्या तर! कालवाचा पिल्लू पाण्यातसून भंवता, पण बसता खंय? खडपार. रेतीर नाय बसणा. तीस वर्सां मी कमरभर पाण्यात उभी रवतंय, माका चिकटला हा काय एक तरी कालव?"

सगळ्यांनी काशीबाईच्या पायांकडे बघितलं. एकही कालव नव्हतं.

"अगदी तसंच!" सुगंधा ओरडली.

"मगे गुरुजी, ह्या पयलाच सांगूचा होतास!" सत्यवान म्हणाला. "उगाच गिऱ्हायक बिऱ्हायक काढलास." गुरुजींनी दातओठ खाल्ले. दाजींनी स्वतः दोर उचलून जाहीर केलं, की मथुरेला विहीर मोकळी आणि पाणी पोचवायचं आता काही कारण उरलं नाही.

गुरुजी घरी आले ते छाती काढून. संध्याकाळी बहिणीच्या घरातून माणसांचा गलका ऐकू आला, तेव्हा ते मुलीला म्हणाले, "चल, बगूया. मथुरा खूश झाली आसतली."

मथुरेच्या पडवीत सतरा माणसं होती. "गाठ केवढी होती गो? लिंबाएवढी की आवळ्याएवढी?" एकजण विचारत होती. काशीबाई कसल्याशा पाल्याचा रस सुचवत होती. दाजी ऐसपैस बसून सांगत होते, "माझ्या मावशीक अश्शीच गाठ. दोन म्हयन्यात आटोपली." मथुरा डाव्या हातानं सतरा माणसांचा चहा गाळत होती, ऑपरेशनपासून उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

तिनं भावाला चुलीपाशी बोलावलं. "दादा, ह्यांका कोणी सांगितल्यान, कॅन्सर चिकटणा नाय म्हणान?"

"आमी! तुझ्यासाठी!"

"माका इचारलास?" मथुरेनं गाळणं आपटलं. "दीड म्हयनो हेच लोक गाठ इचारीत येयत. ह्या चार दिवसात कशी सुखात होतंय! पाणी आयता दाराशी. दुपारची झोपलंय. ह्या हातान काय दोर ओढू मी?"

मथुरा चहा घेऊन बाहेर गेली, पदर नाकाला लावला आणि दणक्यात शिंकली. मग पुन्हा शिंकली.

"सर्दी झाली काय?" दाजींनी विचारलं.

"सकाळपासून. काय नाय, जातली." ती त्यांच्या शेजारीच टेकली. "सुगंधा, तू शिकलेली. सर्दी चिकटता काय गो?"

सतरा माणसं सुगंधाकडे वळली. तिनं आत्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. ती संशोधक होती. खोटं बोलणं तिला शक्य नव्हतं.

"होय," ती म्हणाली. "सर्दी चिकटते. एकाची दुसऱ्याला. भराभर."

दाजींनी कप अलगद खाली ठेवला. पाच मिनिटांत पडवी रिकामी झाली. गुरुजी तेवढे खांबाशी उभे राहिले. "मथुरे, सकाळी तर तू बरी होतस."

"अजून बरीच आसंय," मथुरा चटई पसरत म्हणाली. "जाताना दार ओढून घे, दादा."