दिवस मावळायच्या आत

निपाणीच्या वेशीबाहेर, मावळतीच्या अंगाला घर घ्यायचं मी ठरवलं ते हवा चांगली म्हणून. (तंबाखूच्या वखारीतल्या कारकुनाला हवेची किंमत विचारू नये.) पण आम्ही पडलो जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं पाहिजे, नाहीतर रात्रभर उपास. त्यामुळे थंडीच्या दिवसांत शाळा सुटली की आमचा बाहुबली जो पळत सुटायचा तो थेट ताटावर येऊन थांबायचा.

पोराची ही चाल बघून मला दुसरी कल्पना सुचली. शाळेच्या शर्यतीची ढाल आपल्याच घरी आली पाहिजे! मी त्याला पहाटेही संकेश्वरच्या सडकेवर पळवू लागलो. (मी कडेला घोंगडं पांघरून बसे. कुणीतरी उत्तेजन द्यायला हवंच की.) नडगी दुखते म्हणाला, तर म्हटलं, "नाटकं करू नगंस."

शेवटी तो लंगडायलाच लागला. डॉक्टरांनी नडगीवर एका जागी बोट दाबलं आणि बाहुबली किंचाळला.

"हाडाला बारीक चीर पडलीय. वाढीच्या वयात रोज रोज एवढं पळवलं की असंच होतं. आता महिना-दीड महिना पळणं बंद, चालणंही बेतानंच. कुणी पळवलं याला एवढं?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

घरी पद्मावतीनं मला फैलावर घेतलं. "पोरगं लंगडत आलं तर जेवणार कवा? तुमीच पळिवलंसा न्हवं? आता तुमीच आणा पाठकुळीला घिऊन."

"लोक हसतील की गं."

"हसूंदेत. पोट तरी उतरंल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मिसरूड फुटलेला पोरगा पाठीवर घेऊन मी भर बाजारातून पळू लागलो. वरून हुकूम सुटत, "आप्पा, सूर्य वेशीतल्या चिंचंला टेकला! पळा!"

शर्यतीच्या दिवशी बाहुबली बाकावर डोळे पुसत बसला होता.

"आप्पा, पालकांची बी शर्यत हाय. मला न्हाय, तर तुमी तरी ढाल आणा."

मी धोतराचा काचा मारला. पण पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं, की आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा उन्हं पार कलली होती. शर्यत संपायची दोरी समोर, उगवतीला बांधलेली. मास्तर म्हणाले, "तयार!" मी सवयीनं मागे वळून बघितलं. सूर्य चिंचेला टेकला होता!

पुढचं धड आठवत नाही. मी सुटलो. लोक ओरडत होते, मला वाटलं शाबासकी देताहेत. एकही पालक जवळपास दिसेना. आज अंगात भलतंच बळ आलंय, ओझं म्हणून जाणवत नाही, असं मनाशी म्हणत मी वेस ओलांडली आणि घरात शिरून ताटावर बसलो.

"वाढ दोघास्नी!" मी धापा टाकत म्हणालो. "ढाल आपलीच गं! समदे मागं पडले!"

पद्मावतीनं वाकून माझ्या पाठीमागे बघितलं.

"ढाल ऱ्हाऊंदे. पोरगं कुठाय?"

मी पाठ चाचपून बघितली.